आमची आई : तिची माळ आणि तिची सुई

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला या संमेलनात आमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांपैकी एकाविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले. मी मॅट्रिक होऊन पुढे प्राथमिक शिक्षक झालेला मनुष्य. साऱ्या हयातीत मुलांसमोर बोलत आलो, तरी आपल्यासारख्या जाणत्या मंडळींपुढे बोलताना संकोच वाटतो. या व्यासपीठावरून आजवर ज्यांची स्मरणे झाली त्यांनी शाळा काढल्या, पतपेढ्या चालविल्या, परदेशी जाऊन नाव मिळविले. तसे होणे उचितच आहे. मी मात्र आज अशा एका बाईविषयी बोलणार आहे, जिने कोणत्याही संस्थेचे पद भूषविले नाही आणि जिची छबी कोणत्याही सभागृहात लागलेली नाही. ती माझी आई. आपणांपैकी पुष्कळांनी तिला पाहिलेले आहे. तिच्या हातची चांदणी नाताळात कित्येकांच्या ओटीवर टांगलेली असे आणि तिच्या तोंडचे टोमणे कित्येक वरपक्षांनी निमूटपणे गिळलेले आहेत.

आईचा जन्म 1934 सालचा. शिक्षण दुसरी इयत्तेपर्यंत. छापील अक्षर ती सावकाश, बोट फिरवीत वाचू शके. लिहिणे मात्र तिला कधीच साधले नाही. 1952 साली ती लग्न होऊन आमच्या घरी आली, ती लाल लुगडे नेसून, आणि 2016 साली गेली तीही लाल लुगड्यातच. मधल्या चौसष्ट वर्षांत तिने बागायत केली, सहा मुलांना जन्म दिला, पाच वाढविली, अकरा नातवंडे अंगाखांद्यावर खेळविली, आणि हे सारे करीत असता जे काही घडविले त्याला ती स्वतः 'काम' याखेरीज दुसरे नाव देत नसे. 'कला' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही.

आमची त्या वेळची राहणी आपणांस सांगावयास नको. केळीची बाग, कडेने पानवेलीचे मळे, मध्ये विहीर आणि तिच्यावर रहाट. आई पहाटे चारला उठे. चुलीवर पेज ठेवून ती मिस्साला जाई आणि परत येईपर्यंत पेज शिजलेली असे. एकदा प्रवचन फार लांबले आणि पेज करपली. तेव्हापासून प्रवचनाचे मोजमाप ती पेजेवरून करू लागली. "आजचे प्रवचन बेताचे होते, पेज लागली नाही," असे ती चर्चच्या पायऱ्यांवरच सांगे. फादरांच्या कानांवर ते जाई आणि तेही हसत. तिची भक्ती कडक होती, पण तोंड बांधलेली नव्हती, हे आरंभीच सांगितलेले बरे.

रात्री रोझरी होई. देव्हाऱ्यापुढे दिवा लावून सारे घर गुडघ्यांवर बसे. पाच दशके, त्यापुढे लादिन, त्यापुढे गावातील आजाऱ्यांसाठी, प्रवासातल्या माणसांसाठी, मृतांसाठी एकेक प्रार्थना. आम्हां मुलांचे डोळे तिसऱ्या दशकापासून मिटू लागत. आईचा एक नियम असा होता की माळेच्या वेळी हात रिकामे हवेत. दिवसभर तिचे हात क्षणभर रिकामे नसत. बसली तर सुई, उभी राहिली तर विळा. पण माळ हातात घेतली की शेजारी पडलेला दोऱ्याचा गुंडा गडगडत गेला तरी ती पाहत नसे. दिवसा मात्र हिशेब वेगळा होता. पानवेलीच्या एका ओळीला पाणी देऊन होई तोवर एक दशक पुरे होते, हे तिने ठरवून ठेवले होते. कोणी विचारले, "किती ओळी झाल्या?" तर ती उत्तर देई, "तिसरे दशक चालू आहे."

आता तिच्या हातांविषयी बोलतो. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सायंकाळी आमच्या ओटीवर नारळीच्या कोवळ्या पात्यांचा ढीग पडे. त्या पात्यांचे क्रूस ती विणी. साधा क्रूस तर कोणीही विणतो. आईच्या क्रुसाच्या टोकांना उमलत्या कळीचा आकार असे आणि मधोमध पात्यांचीच गाठ अशी बसे की सुरुवात कोठे आणि शेवट कोठे हे सापडू नये. वस्तीतल्या प्रत्येक घराला एक, असे ती मोजून विणी. ते क्रूस वर्षभर दारावर, देव्हाऱ्यात राहत, वाळून पिवळे पडत, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये परत जात. तेथे ते जाळून त्यांची राख करीत आणि तीच राख आपल्या कपाळी लागे. मी लहानपणी एकदा तिला विचारले होते, जाळायचेच तर इतके सुबक कशाला विणतेस? तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी विहिरीत पाणी का असते असेच काही विचारले असावे.

नाताळची चांदणी तशीच. बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर पतंगी कागद गव्हाच्या खळीने चिकटवून ती चांदणी करी. पण तिचे खरे मन रमे ते गव्हाणीत. पंधरा दिवस आधी ती परळांत नाचणी पेरी, म्हणजे नाताळपर्यंत हिरवेगार शेत तयार होई. विहिरीकाठची चिकण माती आणून मेंढरे, मेंढपाळ, योसेफ, मरिया सारे ती स्वतः घडवी. तिने मेंढरू जवळून कधी पाहिले नव्हते. त्यामुळे आमच्या गव्हाणीतील मेंढरे हुबेहूब शेजारच्या शेळ्यांसारखी असत. मेंढपाळांच्या खांद्यावर केळीचे घड. पवित्र मरियेला तर ती चक्क लाल लुगडे नेसवी, आणि तिच्या शेजारी मातीची इवलीशी शेगडी ठेवी. शहरातून आलेल्या आमच्या एका शिकल्या-सवरल्या आप्ताने यावर आक्षेप घेतला. बेथलेहेमात शेगडी कोठून आली, असे त्याचे म्हणणे. आई म्हणाली, "थंडीचे दिवस, ओली बाळंतीण, गोठ्यात निजलेली. शेक नको का तिला?" (तिचे बोलणे अर्थात आपल्या बोलीत होते. येथे मी ते पुस्तकी मराठीत देतो आहे, त्यामुळे चव थोडी उणी होणारच.) त्या आप्तापाशी याचे उत्तर नव्हते. मला विचाराल तर शुभवर्तमानाचे इतके नेमके विवरण मी थोड्याच प्रवचनांतून ऐकले आहे.

येथे एक गोष्ट आठवते. थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी गोव्यात राहून मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616 साली रोमी लिपीत छापले गेले, हे आपण जाणताच. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली त्याची देवनागरी आवृत्ती पुण्याहून काढली. ती प्रत मला एका ग्रंथालयात मिळाली आणि एका उपवासकाळात रोज रात्री माळेनंतर मी आईला त्यातून थोडे थोडे वाचून दाखविले. मला वाटले होते, जुनी भाषा, शब्द अडतील. मला अडले, तिला अडले नाहीत. ऐकता ऐकता ती ओवीचा ठेका मांडीवर धरी. शेवटी तिने एवढेच विचारले, की या फादरांना मराठी कोणी शिकविली? मी म्हटले, गोव्याच्या लोकांनी. "म्हणजे बायकांनी," ती म्हणाली, आणि दिवा मालवला. हे तिचे मत मी पुष्कळ पंडितांच्या मतांहून अधिक विचार करण्याजोगे मानतो.

तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. पुढे धर्मगुरू वेदीपाशी लॅटिन म्हणत आणि मागे बायका आपली माळ ओढीत. 1962 ते 1965 या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांतून होऊ लागली, आणि आमच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. आईचा आनंद गगनात मावेना. देवाला आपली भाषा कळते हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. आता चर्चलाही कळू लागली, असे ती म्हणे. त्या भरात तिने मरियामातेवर एक गीत रचले, आपल्या बोलीत, लग्नातल्या गाण्याच्या चालीवर. ते चर्चमध्ये गाण्याची तिची फार इच्छा होती. गायनवृंदाची धुरा त्या वेळी ज्यांच्याकडे होती त्यांनी सांगितले, गीत पुस्तकात नाही आणि भाषा गावंढळ आहे. आईने वाद घातला नाही. मे महिन्यात वस्तीवरच्या क्रूसाजवळ लादिन असते, तेथे तिने ते गीत म्हटले. दुसऱ्या वर्षी चार बायकांनी म्हटले. पुढे ते आळीतल्या सगळ्यांनाच येऊ लागले. चर्चमध्ये मात्र ते आजतागायत म्हटले गेलेले नाही.

तिची लग्नातली गाणी हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. चाली जुन्या, परंपरेने आलेल्या. शब्द मात्र ती तेथल्या तेथे जुळवी. मांडवात वरपक्ष येऊन बसला की पाच मिनिटे ती नुसती न्याहाळीत राही. कोणाचा कोट उसना आहे, कोणता मामा रुसला आहे, नवऱ्याची आई दागिने मोजते आहे की माणसे, हे सारे तिच्या दृष्टीत टिपले जाई, आणि मग गाण्यात उतरे. चिमटा असा, की ज्याला बसे तोही हसे. मुलगी निघाली की तीच बाई असे काही गाई की पुरुष मंडळी मांडवाबाहेर विडी ओढायला जात. विडीचे निमित्त सर्वांनाच ठाऊक होते.

तिचे सारेच गुण होते असे नाही. तिला राग चटकन येई. दोऱ्याच्या बाबतीत ती कंजूष होती आणि दुसऱ्या बाईने विणलेली लेस तिच्या डोळ्यांत खुपे. शिकवायला तर ती मुळीच राजी नसे. "बघून शीक," एवढाच तिचा शिक्षणक्रम. मी शिक्षक असून तिला शिकविण्याची पद्धत कधी पटवून देऊ शकलो नाही.

आता त्या अंगड्याविषयी सांगावयाचे आहे, ज्यासाठी खरे तर मी आज उभा राहिलो.

1953 साली थोरल्या भावाच्या वेळी दिवस गेले असता आईने बाप्तिस्म्याचे अंगडे शिवले. पांढरे मलमल, गळ्याला आणि बाह्यांना क्रोशाच्या सुईने विणलेली लेस, खाली भरपूर घेर. आम्हां सहाही भावंडांचा बाप्तिस्मा त्याच अंगड्यात झाला. प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर आई ते धुऊन, नीळ देऊन, घेराच्या दुमडीच्या आतल्या अंगाला पांढऱ्या दोऱ्याने एक बारीकसा क्रूस भरी. तिला नावे लिहिता येत नव्हती. तो क्रूस म्हणजे ते मूल. सहापैकी चौथा क्रूस निळ्या दोऱ्याचा आहे. माझी ती धाकटी बहीण आठ महिन्यांची होऊन 1963 साली तापाने गेली. तिचा पांढरा क्रूस आईने उसवला आणि त्याच छिद्रांतून निळा दोरा ओवला. निळा हा मरियेच्या शेल्याचा रंग. त्या मुलीविषयी ती फारशी बोलत नसे. बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री अंगडे बाहेर निघाले की त्या एका जागेवरून तिचा अंगठा फिरे, इतकेच. पुढे नातवंडे झाली, अकरा क्रूस वाढले. लेस दोनदा फाटली, दोन्ही वेळा तिने नवी विणली.

त्या अकरांपैकी एक माझी कन्या. 2014 साली तिचा विवाह झाला, आणि तो ज्ञातीबाहेर झाला, हे येथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे. मुलगा दक्षिण वसईतल्या वाडवळ ख्रिस्ती घरातला. धर्म एक, चर्चची शिस्त एक, तालुका एक. आळी तेवढी वेगळी. तरीही घरात आणि घराबाहेर जे बोलले गेले ते मी येथे उगाळीत नाही. आप्तांपैकी काही जण येणार नाहीत असे कळले. मांडवात गाणाऱ्या बायकांनी निरोप धाडला, की आमची गाणी आमच्या लोकांसाठी आहेत.

आई त्या वेळी ऐंशी वर्षांची होती. निरोप घेऊन आलेल्या बाईला तिने चहा दिला, आणि मग म्हणाली, "रविवारी एका ताटातली भाकर जिभेवर घ्यायची आणि सोमवारी त्याच माणसाला विचारायचे, तू कुठल्या आळीचा? मग ती भाकर घेतलीच कशाला?" कम्युनियनविषयी याहून अधिक ती काही बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात वऱ्हाड आले. आमच्या बाजूची बायकांची जागा जवळजवळ रिकामी. आई मधोमध पाटावर बसली आणि एकटीने गाणे सुरू केले. आवाज थकलेला होता, दम पुरत नव्हता. दोन कडवी झाली. ती नेहमीप्रमाणे वरपक्षाची चेष्टा करीत होती. नवऱ्या मुलाच्या आत्याच्या उंच टाचांच्या चपला मांडवाच्या मातीत रुततात, अशा काही अर्थाचे ते होते. तिसऱ्या कडव्याला तिला खोकला आला आणि गाणे तुटले. क्षणभर कोणालाच काही सुचेना. तेव्हा समोरून ती आत्याच उठली, चपला काढून हातांत घेतल्या, आणि आपल्या वाडवळी बोलीत गाण्यानेच उत्तर दिले. तिच्यामागे तिकडच्या साऱ्या बायका. चाल निराळी, शब्द थोडे निराळे, पण अर्थ सर्वांना कळत होता. आईने पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू झाली. अर्धा तास हा सामना चालला. हळूहळू आमच्या आळीतल्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. आईचे कडवे अडखळले की मागून कोणीतरी हळूच पूर्ण करी. त्यांतल्या तिघी-चौघी शेवटी आत येऊन बसल्या. सगळ्या आल्या नाहीत. काही घरांशी आमचे येणे-जाणे आजही पूर्वीसारखे नाही, आणि त्या घरांतली मंडळी आज या सभागृहात आहेत, म्हणूनच मी हे मोकळेपणाने सांगतो आहे. त्यांना दुखवावे असा हेतू नाही. आईचा त्यांच्यावर राग नव्हता. पुढल्या झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या घरचे क्रूसही तिने मोजूनच विणले होते.

2015 साली माझ्या कन्येला मुलगा झाला. अंगडे कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या चालीने जाणार, यावर कोणी काही बोलण्याच्या आतच आईने ते ट्रंकेतून काढून उन्हात टाकले होते. बाप्तिस्मा मुलाच्या पक्षाकडील चर्चमध्ये झाला. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, हात कापू लागलेला. तरी अठरावा क्रूस तिनेच भरला. तो जरा वाकडा आहे. दोरा पांढराच, बाकी सर्वांचा तोच.

ही कन्या लहान असल्यापासून आजीच्या मागे लागून गाणी लिहून घेत असे. मे महिन्याच्या सुट्टीत दोघी ओटीवर बसत. आजीच्या हातात सुई, नातीच्या हातात लेखणी. आपल्या बोलीतले काही उच्चार बाराखडीत नीट बसत नाहीत. नात अडली की माझ्याकडे येई, आणि मी लेखनाचे नियम सांगू लागलो की आई आतून ओरडे, "त्याला विचारू नकोस, तो ते शाळेतले करून टाकील." म्हणून त्या वहीत जसे ऐकले तसेच लिहिलेले आहे, आणि एक गाणे दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आले असेल तर तेही तसेच ठेवले आहे. त्रेचाळीस गाणी आहेत. लादिनीचे ते गीतही आहे. आईला याहून कितीतरी अधिक येत होती. एकेका लग्नात जुळविलेली गाणी त्याच रात्री संपली.

2016 सालचा झावळ्यांचा रविवार 20 मार्चला होता. तिने शेवटचे क्रूस विणले ते त्या वेळी. वस्तीतली घरे वाढली होती, इमारती आल्या होत्या, अनोळखी कुटुंबे राहावयास आली होती. तिने नवी घरेही मोजणीत धरली होती. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, ती गेली. हातांत माळ दिली होती. धाकट्या भावजयीला वाटले, सुईही ठेवावी. पण माळेच्या वेळी हात रिकामे हवेत हा तिचाच नियम, म्हणून ठेवली नाही. पुढच्या वर्षी 1 मार्चला राखेचा बुधवार आला. त्यापूर्वी आठ दिवस घरोघरचे वाळलेले क्रूस चर्चमध्ये जमा झाले. टोकांच्या कळ्यांवरून आईचे क्रूस ढिगातही ओळखू येत होते. त्या सकाळी आम्ही सारी भावंडे रांगेत उभी राहिलो, फादरांनी अंगठ्याने कपाळावर राख लावली आणि आम्ही बागेत परतलो.

ज्या घरांत नातवंडांना आपल्या बोलीतली गाणी हवी असतील त्यांच्यासाठी ती वही आमच्या घरी आहे. कोणीही यावे आणि बसून उतरवून घ्यावी. बाहेर मात्र नेता येणार नाही, कारण पाने सुटू लागली आहेत. ज्या वृद्ध भगिनींना त्यांतल्या चाली अजून येतात त्यांनी तर अवश्य यावे. आम्हांला शब्द वाचता येतात, पण सात-आठ गाण्यांची चाल घरात कोणालाच धड आठवत नाही.